पारा पंचेचाळीसवर, तरी ताटात पालेभाजी

प्रश्न : आमचं अकोल्यात तिसऱ्या मजल्यावर घर आहे आणि वरची गच्ची आमच्याच वापरात आहे. ऊन सकाळी आठपासून मावळेपर्यंत. फेब्रुवारीत पालक, मेथी आणि सांभार (कोथिंबीर) लावला. मार्च संपायच्या आत पालकाला दांडे आले, मेथी पिवळी पडली, सांभार तर जळूनच गेला. हिरवी जाळी बांधली, दोन वेळा पाणी घातलं, तरी हाती काही लागलं नाही. सासूबाई म्हणतात, उन्हाळ्यात पालक कोण लावतं, अंबाडी नि घोळ लाव. पण ते बी इथल्या दुकानात मिळालं नाही. एकदा लावलं की वर्षानुवर्षं भाजी देईल असं काही असतं का? नर्सरीवाल्यानं 'मल्टिव्हिटॅमिन'चं झाड दिलंय, त्याची पानं रोज खाल्ली तर चालतील का? यांना पूर्वी मुतखडा झाला होता, म्हणून तेही विचारते.
— एक वाचक, अकोला

ताई, नमस्कार.

सासूबाई बरोबर सांगतायत. तुमच्या मेहनतीत काही कमी नव्हतं, भाजी मात्र चुकीच्या ऋतूत लागली. पालक, मेथी, कोथिंबीर ही थंडीची पिकं. दिवस लांबायला लागला आणि हवा तापली की ती पानं वाढवायचं सोडून फुलोऱ्याच्या मागे लागतात. मार्चच्या उत्तरार्धात दिवस बारा तासांच्या वर जातो आणि जूनमध्ये अकोल्यात तो तेरा तासांच्याही पुढे असतो. जाळीनं ऊन कमी होतं, पण दिवसाची लांबी तीच राहते आणि रात्रीचा उकाडाही तसाच. म्हणून जाळीखालचा पालकसुद्धा दांड्यावर गेला. त्या कुंड्या आता मोकळ्या करा आणि पालक-मेथीचं उरलेलं बी दसऱ्यानंतरसाठी ठेवून द्या. मेथीवाचून करमतच नसेल तर मुंबईच्या किनाऱ्यावर रेतीत समुद्रमेथी करतात तशी करा : पसरट ट्रेमध्ये वाळू-मातीत दाट पेरायची, सावलीत ठेवायची आणि रोप बोटभर असतानाच मुळासकट काढून खायची. मोठी होऊ द्यायचीच नाही.

आता खऱ्या उन्हाळी भाज्यांकडे येऊ. माठ, तांदुळजा, पोकळा, राजगिरा ही सगळी एकाच कुळातली. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्याप्रमाणेच यांच्या पानांत हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायची एक खास व्यवस्था असते, शास्त्राच्या पुस्तकात तिला सी-४ म्हणतात. पालकासारख्या झाडात उष्णता वाढली की पानातलं विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी पुष्कळदा ऑक्सिजनच पकडायला लागतं आणि तयार झालेल्या अन्नातला बराच भाग वाया जातो. माठ तो वायू आधी गोळा करतो, मग वापरतो. नासाडी जवळजवळ थांबते आणि पानावरची छिद्रं फार उघडी ठेवावी लागत नाहीत, त्यामुळे पाणीही कमी उडतं. तुमच्या गच्चीवरचं जे ऊन पालकाला मारक ठरलं, त्याच उन्हात माठ जोमानं वाढतो. त्याच्यावर हिरवी जाळी धरलीत तर उलट तो लांबुळका आणि फिकट होईल, तेव्हा त्याला उघड्यावरच ठेवा.

बी नाही मिळालं म्हणता, तर आधी किराणा दुकानात जा. उपासाला आणतो तो राजगिरा घ्या, लाह्या नव्हे, कच्चा दाणा. चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून ठेवा, चार-पाच दिवसांत मोड दिसले की उरलेला कोरडा दाणा हेच तुमचं बियाणं. राजगिऱ्याच्या पानांची भाजी चवीला माठाच्या जवळपासच असते. दाणा मोहरीहून बारीक असल्यामुळे कोरड्या वाळूत मिसळून फेका, वर मातीचा पातळ थर द्या आणि बारीक झारीनं पाणी शिंपडा. धारेनं पाणी घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. मुंग्या हे बी उचलून नेतात, म्हणून कुंडीच्या कडेनं राख टाकून ठेवा. साधारण महिनाभरात विरळणी करताना उपटलेल्या रोपांचीच पहिली भाजी होते. उरलेल्यांचे शेंडे खुडत राहा, बाजूनं फुटवे येतील. दर पंधरवड्याला एका कुंडीत नवं बी टाकलंत की मध्ये खंड पडत नाही.

घोळीसाठी तर बी शोधायचीही गरज नाही. बाजारातून जुडी आणा, पानं भाजीला काढा आणि जाडसर देठ ओल्या मातीत खोचा. काही दिवसांत मुळं धरतात. घोळ ही मोठी विलक्षण वनस्पती आहे. माठासारखी सी-४ व्यवस्था तिच्यात आहेच, पण पाण्याचा ताण पडला की ती निवडुंगासारखी रात्री छिद्रं उघडून वायू आम्लाच्या रूपात साठवायला लागते. दोन्ही व्यवस्था एकाच झाडात असणं फार दुर्मीळ. कमी पाण्यावरची घोळ पहाटे तोडली तर जास्त आंबट लागते आणि संध्याकाळी सौम्य, ते याच कारणानं. डाळ घालून करणार असाल तर सकाळची घ्या. ओमेगा-३ गटातलं स्निग्धाम्लही तिच्यात इतर पालेभाज्यांपेक्षा चांगलं असतं. कुंडीत किंवा शेताच्या कडेला आपोआप उगवलेली घोळ घेणार असाल तर एक काळजी घ्या : तिच्यासारखीच जमिनीलगत पसरणारी दुधी नावाची वनस्पती असते. देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्या. घोळीचं देठ मांसल असतं आणि त्यातून नुसतं पाणी येतं. तणनाशक मारलेल्या शेतातून तर काहीच आणू नका.

आणि अंबाडी. तिच्यासाठी दोन मोठ्या कुंड्या राखून ठेवा असंच सांगेन, कारण विदर्भात राहून ताटात अंबाडी नसावी हे मनाला पटत नाही. कपाशी-तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर तिच्या ओळी लावायची पद्धत होती आणि कित्येक घरी अजूनही आहे. पाला खायचा, बोंडांची चटणी-सरबत करायचं, वाखाचे दोर वळायचे. अंबाडी दिवस लहान व्हायला लागले की फुलते. म्हणजे पालकाच्या अगदी उलट. आत्ता पेरलेली अंबाडी पावसाळा संपत येईपर्यंत पानंच देत राहते आणि मग दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं धरते. बी उशिरा, सप्टेंबरात टाकलंत तर रोप वीतभर असतानाच फुलून बसेल, म्हणून घाई आत्ताच करायची. गुडघाभर झाली की शेंडा खुडा, झुडूप भरगच्च होईल. कुंडी पंधरा-वीस लिटरची तरी हवी, कारण तिचं मूळ खोल जातं. मागच्या वर्षी भेंडी होती त्या मातीत मात्र लावू नका. दोन्ही एकाच कुळातल्या असल्यानं मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी एकीकडून दुसरीकडे चालत राहतात.

भाजी सासूबाई करतातच असतील : पाला उकडून आंबट पाणी काढायचं, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायचं आणि वरून तेलात भरपूर लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. बियाण्याचा प्रश्नही त्यांच्याकडूनच सुटेल. माहेरच्या किंवा नात्यातल्या कुणाच्या शेतावर अंबाडी असेल तर वाळलेली बोंडं मागवा. नाहीतर आठवडी बाजारात जी बाई अंबाडीची जुडी विकते तिलाच विचारा. असं बी दुकानाच्या काउंटरवर नसतं, पण विकणारीच्या घरी गाडग्यात किंवा डब्यात असतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, ती घराघरांतलं असंच गावरान बियाणं गोळा करून, लावून, पुन्हा वाटल्याबद्दल. ते काम आपल्या गच्चीवर छोट्या प्रमाणात कुणालाही करता येतं.

भाजीची निवड नीट झाली तरी एक गोष्ट राहते, ती म्हणजे मुळांचा ताप. जमिनीतल्या झाडाची मुळं खाली गारव्याला जातात, कुंडीतल्या झाडाला तशी सोय नाही. काळ्या प्लास्टिकची कुंडी किंवा पिशवी दुपारी इतकी तापते की कडेची मुळं भाजून निघतात. मग माती ओली असूनही झाड माना टाकतं आणि आपण आणखी पाणी ओततो. कुंड्यांना बाहेरून चुना लावा. त्या सुट्या न ठेवता एकमेकींना चिकटवून घोळक्यानं ठेवा, म्हणजे ऊन फक्त बाहेरच्यांना लागेल. स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर ठेवा. मातीवर वाळक्या पानांचा किंवा गव्हाच्या काडाचा तीन-चार बोटं थर हवाच, पण बारीक बी रुजून रोपं वितभर झाल्यावर. आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नका. ती सुकली की आकसून कुंडीची कड सोडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि अर्धा भाग जाड रेती पुरे. युरिया टाकायचा मोह झाला तरी टाकू नका, जादा नत्र माठाच्या पानांत नायट्रेट होऊन साठतो.

पाणी सकाळी लवकर घाला. कडक उन्हाच्या दिवसांत लहान कुंड्यांना सूर्य मावळल्यावर पुन्हा एकदा. दुपारी नको, आणि गच्चीवरच्या टाकीतून पाइपनं घालत असाल तर आधी पाइपमध्ये तापलेलं पाणी बादलीत सोडून द्या. मोठ्या कुंडीत मधोमध एक लहान मडकं गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवलंत तर दोन दिवस गावाला जाता येईल. पाणी झिरपत झिरपत मुळांशी पोचतं आणि वाफ होऊन उडत नाही.

पाणी कुठलं, हेही बघा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याबद्दल, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागाबद्दल, तुम्हाला मी सांगायला नको. बोअरचं पाणी खारं असेल तर पानांच्या कडा करपतात आणि कुंडीच्या काठाला पांढरं साचतं. ते उन्हानं झालं असं वाटतं, पण ते मीठ असतं. शक्य असेल तेव्हा नळाचं पाणी पालेभाजीला द्या आणि बोअरचं घालावंच लागलं तर थोडं थोडं रोज न घालता एकदम भरपूर घाला, म्हणजे क्षार तळातून वाहून जातील. घोळ आणि माठ थोडा खारेपणा सोसतात, बाकीच्या कमी. कुलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी मात्र कुठल्याच कुंडीत ओतू नका. दिवसभर पाणी उडून क्षार तेवढे मागे राहिलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी चालतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, एकदा लावून वर्षानुवर्षं मिळणाऱ्या भाज्यांचा. गच्चीसाठी माझ्या मते पहिला मान मयाळूचा. जाड चकचकीत पानांचा हा वेल, हिरव्या देठाचा किंवा जांभळ्या. पेराएवढं जाड देठ मातीत खोचलं की फुटतं, आणि थंडीत थोडा दबला तरी आपल्या हवेत मरत नाही. भजी तर होतातच, पण डाळीत घातलेली मयाळूची पानं पालकाची उणीव भरून काढतात. याला मात्र दुपारनंतरची सावली आणि रोजचं पाणी हवं. तुमची हिरवी जाळी फेकू नका, ती पश्चिमेच्या बाजूनं उभी बांधा आणि तिच्या आडोशाला मयाळू चढवा.

दुसरा शेवगा. त्याला झाड म्हणून न बघता झुडूप म्हणून वाढवा. अर्धा कापलेला मोठा ड्रम, तळाला भोकं, बियाणं थेट त्यातच टाकायचं. दोन-अडीच फुटांवर शेंडा मारा, मग फुटणाऱ्या फांद्यांचेही शेंडे मारत राहा आणि कमरेच्या वर जाऊ देऊ नका. शेंगा मिळणार नाहीत, पण उन्हाळा-पावसाळाभर कोवळा पाला मिळेल. दर सहा आठवड्यांनी छाटणी केली की नवा पाला येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण रुचिरा' आणि तमिळनाडूतल्या पेरियाकुलमचा 'पीकेएम-१' हे वाण नर्सरीत मिळतात, ते शेंगांसाठी नावाजलेले. पाल्यासाठी गावातल्या जुन्या झाडाचं बी घेतलंत तरी काही बिघडत नाही. ओल्या मातीनं भरलेला शंभर लिटरचा ड्रम दीडशे किलोच्या घरात जातो, म्हणून तो स्लॅबच्या मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा तुळई असेल तिथेच ठेवा. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके दिसले तर हात लावू नका, काठीनं साबणाच्या पाण्यात पाडा.

अळू आणि पुदिना गच्चीवर उन्हात टिकणार नाहीत. ते खाली, खिडकीतल्या कुलरजवळ बादलीत लावा, तिथल्या ओलाव्यात दोन्ही खुशीत राहतात. पानओवा कुठेही येतो, फक्त जास्त पाण्यानं सडतो. हादग्याच्या फुलांची भाजी मला फार आवडते, पण ते झाड भराभर उंच जातं. अंगण असेल तरच लावा.

'मल्टिव्हिटॅमिन' म्हणून नर्सऱ्यांत जे झुडूप विकतात ते बहुधा चेकुरमानीस असतं. दक्षिणेत आणि आग्नेय आशियात त्याची भाजी शिजवून खातात. पण रोज नको, आणि कच्ची किंवा रस काढून तर कधीच नको. १९९०च्या दशकात तैवानमध्ये वजन उतरवण्यासाठी लोकांनी त्याच्या कच्च्या पानांचा रस आठवडेच्या आठवडे घेतला आणि अनेकांच्या फुप्फुसांना कायमची इजा झाली. नर्सरीवाले हे सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. झाडाची खात्रीनं ओळख पटेपर्यंत पानं तोडूच नका. पटल्यावरही अधूनमधून, मूठभर, नीट शिजवून. घरात मयाळू आणि शेवगा असताना त्याची फारशी गरजही नाही.

मुतखड्याचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि माठ, घोळ, अळू, पालक या सगळ्यांत ऑक्झलेट भरपूर. तुमच्या यजमानांचा खडा कुठल्या प्रकारचा होता ते जुन्या रिपोर्टात बघा आणि डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा. त्यांनी मोकळीक दिली तरी या भाज्या भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्या, आणि जेवणात दही किंवा ताक असू द्या. त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, ते मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. उन्हाळ्यात त्यांचं पाणी पिणं कमी होऊ देऊ नका, खड्याच्या दृष्टीनं भाजीइतकंच तेही महत्त्वाचं. पालेभाजी रोज केलीत तरी एकच भाजी रोज करू नका.

शेवटी बियाण्याचं, कारण पुढच्या वर्षी तुम्ही दुकान शोधत बसू नये. माठाच्या कुंडीत सगळ्यात आधी तुऱ्यावर येईल त्या रोपाचं बी धरायचा मोह होतो, कारण ते आयतं समोर असतं. पण त्याचं बी धरलंत तर पुढच्या वर्षी सगळीच रोपं लवकर तुऱ्यावर जायला लागतील. आधी तुरा आलेली उपटून भाजीत घाला. सगळ्यांच्या मागून, भरपूर पानं देऊन तुऱ्यावर येणारी चार-पाच झाडं निवडा, त्यांना लाल दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की यांना हात लावायचा नाही. माठाचा पराग वाऱ्यानं उडतो, म्हणून तांबडा आणि हिरवा एकाच वेळी बियाण्यासाठी सोडू नका. एका हंगामात एकाच रंगाचं बी धरा. अंबाडीचा आणि मयाळूचा एवढा त्रास नाही. बी सावलीत खडखडीत वाळवा, चाळलेली राख मिसळून काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर भाजीचं नाव, ते बी कुणाकडून आलं आणि पेरायचा महिना लिहा.